साताऱ्याचं म्हातारं न्हाई म्हणतंय

त्यांना शिव्या देणारी माणसं सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मिळून किती असतील, याचा अंदाज खुद्द त्यांनाही नव्हता. कुणाच्या लग्नाला गेले की ते मांडवात कडेची खुर्ची धरत, अक्षता पडल्या की पहिल्याच पंगतीला जेवून घेत आणि नवरानवरीला न भेटताच चपला शोधायला लागत. "मांडवात माझ्यापायी पैसं न मिळालेलं दोन-चार पुतणे तरी असत्यातच," ते सांगायचे. "त्येंनी वळखायच्या आत ताटावरनं उठलेलं बरं." हे सांगताना त्यांच्या तोंडावर दुःख नसे. एखाद्या म्हाताऱ्या पैलवानानं जुन्या कुस्त्या सांगाव्यात, तसं ते सांगत.

त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. आमच्या घरात त्यांचं नाव कधी कुणी घेतलं नाही. आई त्यांना 'साताऱ्याचं म्हातारं' म्हणायची आणि तेच चालत राहिलं. मेढ्याकडच्या एका घरात त्यांना 'टोपीवाला' म्हणत, कऱ्हाडच्या एका घरात 'वकील' म्हणत. वकिलीशी त्यांचा काही संबंध नव्हता. ते मूळचे वडूजकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. शिकून सहकार खात्यात लागले आणि लेखापरीक्षक म्हणून निवृत्त झाले. मग घरी बसायच्या वयात त्यांनी परीक्षा दिल्या, सरकारी नोंदणी काढली आणि लोकांना पैशाचा सल्ला द्यायला सुरुवात केली. विकायला त्यांच्याकडे काहीच नसायचं. कुठल्या कंपनीनं दिवाळीला डायरी पाठवली तर ती ते परत पाठवत, तीही स्वतः टपालखर्च भरून. नोंदणीचं प्रमाणपत्र त्यांनी फ्रेम करून न्हाणीघराच्या बोळात लावलं होतं. आईनं कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "भाईर लावलं तर मानसं कागद बघून माझं ऐकत्यात. मग डोकं लावत न्हाईत."

साताऱ्यात एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर त्यांचं घर होतं. पुढच्या खोलीत खुर्च्या फक्त दोन, एक त्यांची आणि एक पैसेवाल्याची. बरोबर आलेल्यानं बाहेर गॅलरीतल्या बाकावर बसायचं. बोलणं सुरू झालं की पंखा बंद. त्याच्या घरघरीत माणूस हळू काय बोलतो ते ऐकू येत नाही, आणि खरं काय ते माणूस हळूच बोलतो, असं त्यांचं मत. दिवाळी ते शिमगा डोक्यावर तपकिरी कानटोपी असायची. उरलेलं वर्षभर तीच टोपी शर्टाच्या खिशात, भुईमुगाच्या शेंगांबरोबर. हिशेब ते शाळेतल्या पाटीवर खडूनं मांडायचे, समोरच्याला दोनदा वाचायला लावायचे आणि मग ओल्या फडक्यानं पुसून टाकायचे. "डोक्यात ऱ्हायलं ते तुमचं. न्हाई ऱ्हायलं तर पुन्ना या."

माझी त्यांची ओळख फोनवर झाली, आणि ती धड झालीच नाही.

माझे वडील पलटणीतून सुभेदार होऊन आले आणि आष्ट्याला ऊस करत राहिले. रस्ता रुंद झाला तेव्हा कडेची जमीन गेली. त्या जमिनीचा मोबदला त्यांनी हात न लावता बँकेत ठेवला होता. एका सकाळी उसाला पाणी पाजून आले, 'छातीत जड वाटतंय' म्हणून आडवे झाले आणि उठले नाहीत. मी पुण्यात एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे. धाकटा भाऊ आष्ट्यालाच, शेती बघतो. आम्ही दोघांनी आमचा हिस्सा सोडला आणि तो सगळा पैसा आईच्या नावावर केला. ते करताना कुणाच्याही मनात दुसरं काही नव्हतं. भावानंच तलाठ्याकडे आणि बँकेत हेलपाटे घातले होते.

आई तोवर बँकेत एकटी कधी गेलेली नव्हती. सही करायची, पण वडील बोट ठेवतील तिथं. आता घरी माणसं यायला लागली. चुलतभाऊ विमा घेऊन आला. बँकेतला एक पोरगा गोड बोलून एक योजना सांगून गेला. गावातल्या पतसंस्थेचे चेअरमन हे वडिलांचे बालमित्र, आई त्यांना भावजी म्हणायची. ते तर तेराव्यालाच म्हणाले होते, "वैनी, आपल्या घरची संस्था हाय. भाईर कुटं जायचं न्हाई." आई सगळ्यांना "व्हय, व्हय" म्हणत होती. मी फोन केला की रोज नवा 'व्हय' कळायचा. तिनं खुशीनं म्हटलेला त्यातला एकही नव्हता. दारात आलेल्या माणसाला रिकामं पाठवायचं नाही, एवढंच तिला येत होतं.

दवाखान्यातल्या एका पेशंटबाईंनी मला साताऱ्याचा हा नंबर दिला. मी फोन लावला, नाव सांगितलं, सगळी हकीकत सांगायला सुरुवात केली.

"पैसे कुणाचे?" त्यांनी मध्येच विचारलं.

"आईचे."

"मग आईंना फोन करू द्या." आणि फोन ठेवला.

माझ्याशी ते कायम असं स्वच्छ पुस्तकी मराठी बोलत. बँकवाल्यांशीही तसंच. आईशी मात्र पहिल्या दिवसापासून गावाकडचं. आईनं घाबरत घाबरत फोन केला, तेव्हा दोघं बराच वेळ बोलत बसले. "काय म्हणाले?" मी विचारलं. "काय न्हाई," आई म्हणाली, "आमच्याकडं पाऊस कसा हाय, ह्येच चाललं हुतं. येष्टीनं या म्हणाले. गाडी करून आलात तर भाडं कोन देतंय ते बघावं लागंल म्हणं."

म्हणजे पोराची गाडी नको आणि जावयाचीही नको. आई आपल्या पैशानं तिकीट काढून आली. मी पुण्याहून साताऱ्याच्या स्टँडवर पोचले आणि तिथून आम्ही दोघी रिक्षानं गेलो. मला गॅलरीतला बाक मिळाला. दार उघडंच असायचं, त्यामुळं ऐकू सगळं यायचं. त्यांना ते चालत असे. मधे बोललेलं चालत नसे.

त्यांनी रकमेबद्दल काही विचारलंच नाही. पैसा कुठून आला ते विचारलं. मग पाटीवर तीन ढीग मांडले आणि त्यांना नावं दिली. रस्त्याचं पैसं, पलटणीचं पैसं, उसाचं पैसं. पलटणीचं म्हणजे दर महिन्याला येणारं पेन्शन. ते घरखर्चाला पुरतं का, हे त्यांनी आईकडूनच बेरीज करून घेतलं. पुरत होतं. "म्हंजे रस्त्याच्या पैशाला आत्ता भूक न्हाई," ते म्हणाले. "त्येला वर्षभर झोपू द्या. दोन सरकारी बँकांत ठेव करायची, वारसांची नावं लावायची, झालं. मालकांचं वर्षश्राद्ध व्हईस्तोवर नवं काय बी करायचं न्हाई. दुःखात मानूस सही लवकर करतो."

"आवं, पर मानसं येत्यात," आई म्हणाली. "त्यांना काय सांगू?"

"न्हाई म्हणायचं."

 आई हळू आवाजात म्हणाली, "माझ्या तोंडातनं त्यो शब्द निघत न्हाई. भावजी तर ह्येंच्या लहानपणापासनंचं. त्यांना कसं म्हणू?"

खोलीत शेंग फोडल्याचा आवाज आला. "मग माझ्यावर ढकला," ते म्हणाले. "सांगायचं, मला काय कळत न्हाई, साताऱ्याचं म्हातारं न्हाई म्हणतंय. लय खडूस हाय, काय करू. आसं म्हणून च्या ठेवायचा. मानूस शिव्या दील, त्या मला दील. तुमचं नातं तुमच्यापाशी ऱ्हाईल."

"तुमाला वाईट न्हाई वाटनार?"

"तुमी जी फी देनार हाय, त्यात शिव्या खायचा आकार धरलेला हाय."

फी वर्षाची एकदाच असायची आणि ते पावती देत. कमीजास्त करत नसत. एका बाईनं फीऐवजी तुपाचा डबा आणला, तेव्हा त्यांनी तुपाचे बाजारभावानं पैसे दिले आणि त्या पैशातून फी घेऊन पावती फाडली.

आईनं ते वाक्य एसटीत पाठ केलं. पहिली वेळ चेअरमनांची आली. मी तिथं नव्हते, पण ही गोष्ट मला पुढं चेअरमनांनीच सांगितली. आईनं चहा ठेवला आणि पाठ म्हणून दाखवावी तसं एका दमात सांगितलं. चेअरमन चहा न घेता उठले, तडक साताऱ्याला गेले आणि दुसरा मजला चढून त्यांनी म्हाताऱ्याला मनसोक्त फैलावर घेतलं. घरच्या बाईला घरच्या माणसांपासून तोडता, असं तसं, बरंच काही. म्हातारा कानटोपी घालून ऐकत होता. सगळं झाल्यावर म्हणाला, "बसा. जिना चढून आलाय." मग चहा दिला आणि विचारलं, "तुमची संस्था चांगली असंल. त्या बाईनं आपन होऊन तुमच्याकडं पैसं ठेवलं असतं का, का तुमचं तोंड बघून ठेवलं असतं?"

"म्या खोटं का सांगू?" चेअरमन मला म्हणाले. "तोंड बघूनच ठेवलं असतं. त्याला बी तेच सांगितलं."

ती पतसंस्था बुडाली वगैरे नाही. आजही नीट चालू आहे, आणि वर्ष संपल्यावर आईनं थोडी ठेव तिथं ठेवलीसुद्धा. मी एकदा त्यांना म्हटलं, की मग तुमचं 'नाही' चुकलंच म्हणायचं. तेव्हा ते माझ्याकडे बघून म्हणाले, "संस्था बुडेल म्हणून मी नाही म्हणालो नव्हतो. तुमच्या आईंना 'नाही' म्हणायची सोय नव्हती. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या हो ला काय किंमत?"

एकदा पेन्शनच्या कामासाठी ते आमच्याबरोबर सांगलीला आले. बँकेत काम झाल्यावर तिथल्या तरुण अधिकाऱ्यानं आईसमोर लांब मुदतीची एक योजना ठेवली. म्हाताऱ्यांनी चष्मा लावून ती पहिल्या अक्षरापासून शेवटच्या बारीक अक्षरापर्यंत वाचली. मागं रांग खोळंबली. मग त्यांनी विचारलं, "आपल्या आईंना ही योजना घेऊन दिली आहे का?" मला वाटलं आता पोरगा सापडला. पण तो मोकळेपणानं म्हणाला, "हो, दिली ना." खरंच दिली होती. म्हातारे आपला पत्ता सांगून म्हणाले, "मग त्यांना एकदा माझ्याकडे पाठवा." पोरगा हसला. पुढच्या वर्षी गॅलरीतल्या बाकावर तो पोरगा मला शेजारी बसलेला दिसला. आई आत होती त्याची.

त्याच दिवशी सांगलीच्या स्टँडवर आम्ही भडंग खात गाडीची वाट बघत बसलो होतो. आईनं सहज विचारलं, "ह्या बायकांच्या भानगडीत तुमी कशापायी पडलात?" त्यांनी पुडी मुडपून खिशात ठेवली, टोपीशेजारी. मग सांगितलं. त्यांचे वडील मेंढरं घेऊन रस्त्यानं चालले असताना ट्रकखाली सापडले. ट्रकमालक भला होता. त्यानं कोर्टकचेरीची वाट न बघता घरी येऊन त्यांच्या आईच्या पदरात पैसे घातले.

"तिला कुनी फसवलं न्हाई," ते म्हणाले. "चुलत्यानं हिरीला मागितलं. आत्तीनं पोरीच्या लग्नाला मागितलं. शेजाऱ्याचा बैल मेला हुता, त्येनं मागितलं. समदी चांगली मानसं. गोड बोलून मागितलं आन् तिनं दिलं. पुढल्या उन्हाळ्यात ती त्याच चुलत्याच्या हिरीवरच्या मळ्यात रोजानं खुरपाया जायची. मी बांधावर बसायचो. तिला एक वाक्य पायजे हुतं, बाई. ते सांगनारं कुनी नव्हतं."

 आईनं आपल्या पुडीतलं भडंग त्यांच्या हातावर ओतलं.

नंतरची दोन वर्षं बरी गेली. आई बँकेत एकटी जायला लागली. वर्षातून दोनदा साताऱ्याला जायची, जाताना शेतातलं काहीबाही न्यायची आणि त्याचे पैसे घेऊन यायची. 'म्हातारं न्हाई म्हणतंय' हे वाक्य तिच्या तोंडात इतकं बसलं, की भांडीवाल्यालाही ती तेच सांगायची. माझ्या भाच्याला वाटायचं, साताऱ्याला कुणी राक्षस राहतो.

मग भावाचं प्रकरण आलं.

भाऊ माझा कष्टाळू आहे. त्याला एका मित्राबरोबर भागीदारीत ऊसतोडणीचं मशीन घ्यायचं होतं. तोडणी मजुरांच्या टोळ्या वेळेवर येत नाहीत, आल्या तरी आगाऊ उचल घेऊन पळतात, मशीनला मागणी आहे, हे सगळं खरं होतं. त्यासाठी त्याला रस्त्याच्या पैशातला मोठा वाटा हवा होता. त्यानं आईला नीट बसवून समजावून सांगितलं. आईनं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी म्हणाली, "साताऱ्याचं म्हातारं न्हाई म्हणतंय."

परक्या माणसांना हे वाक्य पचत असे. पोटच्या पोराला ते कसं पचावं? तो मला फोन करून म्हणाला, "आक्का, सह्या करताना मी एका शब्दानं विचारलं नाही. आणि आता माझ्या घरात काय करायचं ते कोण तो कानटोपीवाला ठरवणार?" त्याच्या आवाजात राग होताच, पण त्याखाली त्याला लागलं होतं, ते मला जास्त ऐकू आलं. तो साताऱ्याला जाऊन आला. काय बोलला ते त्यानं सांगितलं नाही. परत आल्यावर आईशी बोलणं बंद केलं. एकाच घरात राहायचे, भावजय दोघांची ताटं वेगवेगळ्या वेळी वाढायची. 

असे काही आठवडे गेले आणि आईनंच मला बोलावून घेतलं. भावाला म्हणाली, "गाडी काढ. साताऱ्याला जायचंय." या खेपेला एसटी नव्हती आणि भाड्याचा विचारही नव्हता.

म्हाताऱ्यांनी दार उघडलं, आम्हा तिघांकडे बघितलं आणि आत जाऊन स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं, गॅलरीतला बाक ओढून आत घेतला. चौघंही आत बसलो. मी ती खोली आतून पहिल्यांदाच बघत होते. पंखा बंद केला त्यांनी.

आई भावाकडे वळली. "तू ह्येंना काय काय बोलून गेलास, मला ठावं न्हाई. पर ह्येंनी न्हाई म्हटलंच न्हाई. मी ह्येंना इचारलंच नव्हतं."

भाऊ म्हाताऱ्यांकडे बघायला लागला. मीही. त्या दिवशी भाऊ येऊन तोंडाला येईल ते बोलून गेला, तेव्हा त्यांना या मशीनचं नावसुद्धा माहीत नव्हतं. आईनं आपलं नाव परस्पर वापरलंय, हे त्यांना पहिल्या मिनिटाला कळलं असणार. ते तसं म्हणाले नाहीत. शिव्या ऐकून घेतल्या, चहा दिला, आणि आईलाही फोन करून विचारलं नाही.

"मग न्हाई कुणाचं हाय?" भावानं विचारलं.

"माझं."

"का पन, आई? मी बुडवीन असं वाटतं तुला?"

"तसं न्हाई रं." आईनं पदर सारखा केला. "तुझ्या आज्जीला मशेरी लागायची. आठवतंय? तुझा बा जेवायला बसला की ती उंबऱ्याशी येऊन बसायची. त्येचं जेवान व्हईस्तोवर त्येचं तोंड बघायची, कसा हाय आज, रागात हाय का बरा हाय. मग हळूच म्हणायची, मशेरी सपली रं. तुझा बा चांगला मानूस. कवाच न्हाई म्हणाला न्हाई. लगेच द्यायचा. पर तिला उंबऱ्याशी बसावं लागायचं. मी भाकऱ्या थापत ते बघायचे. मला तसं बसायचं न्हाई. तू चांगला हायस म्हणून तर बसायचं न्हाई. मशीन चाललं तरी तू व्यापातच असशील, न्हाई चाललं तर तुझ्याकडं मागायची मला लाज वाटंल. तू बँकेचं कर्ज काढ. जमीन हाय, पत हाय तुझी. मी सही करते जामीन म्हणून पायजे तर. पर रस्त्याचं पैसं मी देनार न्हाई. ह्ये मी म्हणते. ह्येंनी न्हाई."

एवढं सलग बोलताना मी आईला आयुष्यात ऐकलं नव्हतं. भाऊ खाली मान घालून बसला होता. म्हातारे उठून आत गेले. चहा व्हायला लागतो त्याच्या तिप्पट वेळ ते आत होते. भांड्याचा आवाज येत नव्हता. बाहेर आले तेव्हा डोळे पुसलेले दिसत होते, पण चहा खरंच होता.

"जामीन ऱ्हाऊ नका," कप देत ते आईला म्हणाले. "तेवढं मी न्हाई म्हणतो. आता खरं म्हणतो." भाऊ हसला. हसता हसता त्यानं त्यांना वाकून नमस्कार केला. त्यांनी पाय मागं घेतले. पावती फाडताना आईला म्हणाले, "ह्या वर्षापास्नं तुमची फी निम्मी. शिव्यांचा आकार वजा केलाय."

भावानं बँकेतून कर्ज काढून मशीन घेतलं. भागीदार वर्षात बाहेर पडला, ते लचांड बरेच दिवस चाललं. मशीन चालू आहे. हप्ते भाऊ स्वतःच भरतो आणि आईनं न मागता गुळाची ढेप आणून देतो. एक ताट आधी, एक ताट नंतर, तसलं त्या घरात पुन्हा झालं नाही.

म्हातारे काही देवमाणूस नव्हते. पैशाच्या बाबतीत ते घाबरटच होते, असं मी आता म्हणेन. पोरांच्या शिक्षणाला पैसे लागले तरी त्यांच्या तोंडून आधी 'नाही'च यायचं, आणि त्यांच्या सल्ल्यानं श्रीमंत झालेलं एकही घर मला माहीत नाही. शेवटच्या काळात तर ते जरा जास्तच आखडले. आईनं भावजयीच्या नावावर एक ठेव करायची ठरवली. कायमची, तिची तिला. मी त्या दिवशी आईबरोबर साताऱ्याला गेले होते. आईनं सांगितलं तसं ते म्हणाले, "दिलेलं पैसं माघारी येत न्हाईत, बाई. सुनेचं काय, उद्या बदलली तर? माझं न्हाई हाय."

"आवं," आई म्हणाली, "मी इचाराय न्हाई आले. सांगाय आले."

त्यांनी खडू पाटीवर ठेवला. "चुकताय तुमी."

"चुकंन."

 मग खटावकडची ज्वारी यंदा कशी आहे, यावर बोलणं गेलं. शेंगांची टरफलं पायाशी साठली. आम्ही निघायला उठलो तेव्हा ते म्हणाले, "बसा अजून. मला एक इचारायचंय."

त्यांचा मुलगा हैदराबादला होता. साताऱ्याचं घर विकून टाका आणि आमच्याकडं या, असं तो कितीतरी दिवस म्हणत होता. गुडघे गेलेले, जिना चढवत नव्हता. ते मलाही दिसत होतं. मुलगा चांगला, सून चांगली, घर मोठं. विकलेल्या घराच्या पैशात तिथं खालच्या मजल्यावर जागा घेता येणार होती. गिऱ्हाईकही बघून ठेवलेलं होतं. मुलाला काय सांगावं, हे त्यांना कळत नव्हतं. त्यांच्या आवाजात त्या दिवशी पहिल्यांदाच आईच्या जुन्या 'व्हय व्हय'सारखं काहीतरी होतं.

आईनं घाई केली नाही. तिनं विचारलं, तिथं दुपारी घरी कोण असतं. तुम्हाला तिथली भाषा येते का. भाकरी कोण करतं. त्यांनी एकेकाचं उत्तर दिलं, शाळेतल्या पोरासारखं.

"जाऊन ऱ्हावा," आई शेवटी म्हणाली. "लेकरू बोलावतंय, जायला पायजे. पर घर इकू नका. कुलूप लावा आन् जावा. सहा म्हैनं ऱ्हाऊन मग काय ते ठरवा."

"पोराला काय सांगू? त्येनं गिऱ्हाईक बगितलंय."

"सांगा की, घर माझं हाय, आन् मी आत्ता इकनार न्हाई. दुसऱ्या कुनाचं नाव घेऊ नका."

 त्यांनी मान डोलावली.

दिवाळीनंतर ते हैदराबादला गेले. कधीमधी आईला फोन यायचा. नातू बुद्धिबळ शिकवतो, जेवण बरं असतं, सून फार करते. उन्हाळा लागला तशी फोनवरची त्यांची वाक्यं लहान व्हायला लागली. पाऊस सुरू व्हायच्या सुमाराला मी आष्ट्याला गेले होते. आम्ही जेवत होतो, तेव्हा फोन वाजला. आईनं उचलला आणि आवाज मोठा केला.

"बाई, मी साताऱ्यातनं बोलतोय," ते म्हणाले. "पोराचं काय चुकलं न्हाई. मलाच तिथं करमंना. काल आलो. जिना चढायला लय येळ लागला, दोनदा बसलो. पर कुलूप काढलं आन् आत आलो." पलीकडं भांड्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला. "इकलं असतं तर यायला घर नव्हतं."

"जेवलात का?" आईनं विचारलं.

"न्हाई अजून. खिचडी टाकलीय."

"मग जेवा आदी," आई म्हणाली, आणि फोन ठेवून तिनं भावाला विचारलं, साताऱ्याकडं तुझी गाडी कधी जाणार आहे, त्यांच्यासाठी तळमजल्यावर भाड्याची एखादी खोली बघायची आहे.